तलवारीचे टोक कुणाकडे

मित्रांनो, मी एक जुनी तलवार आहे आणि माझ्या अंगाला साखरेचा वास येतो. रक्ताचा वास येणाऱ्या तलवारींच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. मी तशी नाही. मी आयुष्यात माणूस कापला नाही, बोकड कापला नाही, साधा दोरसुद्धा कापला नाही. मी केक कापले. लोणी, मलई, बदामाचा लगदा, वरून गुलाबी साखरेचा गिलावा. नुसते आठवले तरी शिसारी येते. पण माझ्या आयुष्यात केकपेक्षाही किळसवाणे काही घडले आहे, आणि ते सांगितल्यावाचून मला गंज चढू द्यायचा नाही.

इंग्लंडमधल्या एका भट्टीत माझा जन्म झाला. चांगले पोलाद होते माझे. एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्या पात्यावर नांगर कोरला, मुठीच्या टोकाला पितळेचे सिंहाचे तोंड बसवले आणि मला उजेडात धरून तो म्हणाला, "पोरी, लढाई काही आता तुझ्या नशिबात नाही. पण ज्याच्या कमरेला जाशील त्याचा मान तू सांभाळायचास. तेवढं केलंस तरी पुरे." बिचारा! मान सांभाळायचे काम तलवारीचे असते, असे त्याला वाटत होते.

मी क्रिस्पिन वेदरॉल नावाच्या तरुण आरमारी अधिकाऱ्याच्या कमरेला गेले. उंच, गोरा, दिसायला राजबिंडा. पहिली काही वर्षे तो मला रोज पुसायचा, तेलाचा हात लावायचा. लोक म्हणत, "काय शोभते हो कमरेला!" मीही खुळी, फुलून जायचे.

माझा पहिला केक त्याच्या लग्नातला. त्याच्या बायकोचे नाव रोझलिंड. दोघांनी मिळून माझी मूठ धरली आणि मला त्या पांढऱ्या ढिगात खुपसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात फोटो काढायला कुणीतरी हाक मारली, आणि नवरदेवाने मला तशीच, मलईने बरबटलेली, म्यानात खुपसली. आठवडाभरात म्यानातून असा आंबूस वास सुटला, की माझा मलाच जीव नकोसा झाला. वर मुंग्यांची रांग.

रोझलिंडने मला बाहेर ओढले, नाक मुरडले आणि गरम पाणी घेऊन घासायला बसली. म्हणाली, "क्रिस्पिन, तलवार आहे ही का खरकटा चमचा? कापल्यावर पुसायची असते."

तो आरशात टोपी नीट करत होता. "पुसायला माणसं असतात, रोझ."

"कापायला तू आणि पुसायला माणसं?"

"आरमार असंच चालतं," तो हसून म्हणाला.

मित्रांनो, त्या एका वाक्यात त्या माणसाचे सगळे आयुष्य होते. ते आम्हा दोघींना पुढे कळले.

काही वर्षांनी तो एका गस्ती जहाजाचा कप्तान झाला. मी त्याच्या खोलीत भिंतीला टांगलेली असायची. एका सकाळी जहाज बंदराकडे निघाले होते. बंदरात एका बड्या सेनापतीकडे दुपारचे जेवण होते. जहाजाचा मार्ग आखायचे काम डेन्झिल ट्रेगिअर नावाच्या लेफ्टनंटकडे होते. कॉर्नवॉलच्या खडकाळ किनाऱ्यावरचा साधासुधा, कमी बोलणारा माणूस. कप्तानाने त्याला खोलीत बोलावून सांगितले, "बेटाच्या आतल्या बाजूनं घे. बाहेरून वळसा घातला तर सूप थंड होईल."

"सर, ओहोटी लागली आहे. आत खडक आहेत."

"तुझ्या कॉर्नवॉलात लोक खडकांना घाबरतात का?"

"घाबरतात, सर. म्हणून म्हातारे होतात."

"आतून घे, ट्रेगिअर. मी सांगतोय ना?"

जहाज आतून गेले आणि खडकावर चढले. कुणी मेले नाही, पण तळ फाटला. मग दोघांवर आरमारी न्यायालयात खटले चालले.

त्या काळी आरमारात एक रिवाज होता. आरोपी अधिकाऱ्याची तलवार न्यायालयाच्या टेबलावर आडवी ठेवत. निकाल झाला की त्याला आत बोलावत. तलवारीची मूठ त्याच्याकडे असली तर तो सुटला. टोक त्याच्याकडे असले तर दोषी. कुणी एक शब्द बोलायच्या आधीच माणसाला दारातून कळायचे.

पहिला खटला माझ्या धन्याचा. मी टेबलावर आडवी पडले होते आणि तो सांगत होता, "आतून घ्या असं मी म्हटलं नव्हतं. लेफ्टनंट तरुण आहे. त्याच्या ऐकण्यात चूक झाली असावी." किती गोड आवाजात म्हणाला! जणू त्या तरुणावर मायाच करतो आहे. खोलीतले बोलणे ऐकणारी तिसरी फक्त मी होते, आणि पोलादाला जीभ नसते. माझी मूठ त्याच्याकडे फिरवली गेली. दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर ट्रेगिअरची तलवार आली. माझ्यासारखीच, त्याच भट्टीतली असेल. मी धन्याच्या कमरेवरून बघत होते. टोक ट्रेगिअरकडे होते. तो दारात क्षणभर थांबला, माझ्या धन्याकडे एकदाच बघितले, आणि मग ताठ उभा राहिला. पुढे त्याने आरमार सोडले.

आणि आमच्याकडे काय झाले? सुटल्याच्या आनंदात केक आणला! त्या दिवशी मलईत घुसताना मला वाटले, आपण एखाद्या गटारात उतरतो आहोत.

पुढची वर्षे मी काय वर्णन करू? तो चढत गेला. दर पायरीला एक केक. कमांडरच्या हुद्द्याचा केक, कॅप्टनच्या हुद्द्याचा केक, शर्यतीचा केक, कुणाच्या मुलीच्या बारशाचा केक. ज्याच्याकडे काम असेल त्याच्या केकला हा तलवार घेऊन हजर. म्यानात साखरेचे पापुद्रे साठले. रोझलिंड अधूनमधून मला धुवायची, पण तीही गप्प होत चालली होती. कारण एकदा न्याहारीला, अंड्याचे टरफल फोडता फोडता, तो तिला सहज म्हणाला होता, "बिचारा ट्रेगिअर! हुकूम माझाच होता हे धरून बसला असता तर मी कधीच बुडालो असतो. पण भला माणूस. न्यायालयात एकदा सांगून बघितलं आणि गप्प बसला." वर हसला. तिच्या हातातला चमचा बशीत पडला. तिने तो उचलून पुसून ठेवला. मला वाटते, न बोलल्याची चीड तिला त्याच्यापेक्षा स्वतःचीच जास्त आली.

व्हाइस अ‍ॅडमिरल होऊन, नावामागे 'सर' लावून तो निवृत्त झाला, तेव्हा त्याला इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या ऑस्तरे नावाच्या छोट्या बेटाचा गव्हर्नर केले. राजाचा प्रतिनिधी! पांढऱ्या पिसांची टोपी, लाल पट्टे, आणि कमरेला मी.

पहिल्याच वर्षी तो पाहुण्या जहाजावरच्या एका समारंभाहून छोट्या बोटीने परत येत होता. पूर्ण दरबारी पोशाखात. धुके उतरले होते. घरी जेवायला लोक यायचे होते. तो नावाड्याला काय म्हणाला असेल? "आतून घे." मला हसू येईना आणि रडूही येईना. बोट खडकाला लागून पाणी भरायला लागले. तेवढ्यात पश्चिम किनाऱ्यावरच्या दोन कोळ्यांनी दोर टाकून आम्हाला ओढत दगडी उतारावर घेतले. होडी वर ओढून घेण्यासाठी समुद्रात उतरत गेलेला तो जुना फरसबंद उतार. त्या सगळ्या किनाऱ्यावर वादळात होडी वर काढायला दुसरी जागा नव्हती. शेतात खत म्हणून घालायचे समुद्रशेवाळही गाड्या भरभरून तिथूनच वर यायचे.

त्या कोळ्यांची आई ओडेट केरिपेल. विधवा, आडव्या बांध्याची, तोंडाची फटकळ. तिने गव्हर्नरांना स्वयंपाकघरात चुलीपाशी बसवले. टोपीची पिसे भिजून कानांवर लोंबत होती.

"साहेब, राग मानू नका," ओडेट म्हणाली, "पण विहिरीतून काढलेल्या कोंबड्यासारखे दिसताय."

कोरडे कपडे घेऊन गाडीने आलेली रोझलिंड दारातच होती. ती खो खो हसली. कितीतरी वर्षांनी मी तिला तशी हसताना ऐकले. ओडेटने दोघांना गाश दिला. म्हणजे तिथला मनुका घातलेला पाव, वर बोटभर लोणी. गव्हर्नरांनी तीन तुकडे खाल्ले. तिची दोन्ही मुले आणि नावाडी बाहेर बोटीतले पाणी उपसत होते.

"मादाम, तुमचे उपकार कसे फेडू?" गव्हर्नर म्हणाले.

"उपकार कसले? फक्त हा उतार राहू द्या, साहेब. बाहेरचे लोक येऊन मापं घेऊन जातात. उतार गेला तर माझी पोरं वादळात कुठं चढणार? तुमच्या टोपीवर?"

तेव्हा तो उठला, माझ्या मुठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "मी ह्या बेटावर गव्हर्नर आहे तोवर ह्या उताराला कुणी हात लावणार नाही. हा माझा शब्द."

मित्रांनो, त्या बेटावर किनारा राजाचा असतो आणि राजाच्या वतीने गव्हर्नरचा. मुठीवर हात ठेवून गव्हर्नरने दिलेला शब्द तिथे कागदापेक्षा वरचढ मानतात. फक्त तो ऐकलेली दोन माणसे लागतात. त्याच्या हाताची ऊब माझ्या मुठीला लागली आणि मी भाबडी पुन्हा फसले. मला वाटले, माणूस बदलतो. उतारवयात तरी.

मग फ्रॅम्प्टन आला. लंडनचा हॉटेलवाला. त्याला त्या उताराच्या जागी श्रीमंतांच्या शिडाच्या नौकांसाठी क्लब बांधायचा होता. तो गव्हर्नरांना जेवायला बोलवू लागला. गव्हर्नरपद सुटल्यावर क्लबचे अध्यक्षपद, समुद्राकडे तोंड केलेला बंगला, असे तुकडे तो एकेक करून टाकायचा आणि आमचे साहेब ते झेलायचे. मी टेबलाच्या कडेला टांगलेली, ऐकत होते. कुत्र्याला लाज असते, निदान तो शेपूट तरी खाली घालतो.

कामाच्या शुभारंभाचा दिवस उजाडला. उताराच्या माथ्यावर मांडव, बँड, आणि मधोमध केक. कसला केक सांगू? त्या नव्या क्लबाचाच! बिस्किटाच्या भिंती, साखरेच्या नौका, आणि खाली निळ्या लोण्याचा समुद्र. दगडी उतार त्यात नव्हताच. खाली खरा समुद्र होता, खरा उतार होता, आणि त्याच्या पहिल्या फरशीवर दात रोवून खोदायचे यंत्र उभे होते. फ्रॅम्प्टन म्हणाला, "एक्सलन्सी, तुम्ही केक कापलात की काम सुरू."

मी म्यानातून निघाले. तेवढ्यात ओडेट गर्दीतून पुढे आली. यंत्राच्या समोर ओल्या दगडांवर गुडघे टेकून बसली, डोक्याचा रुमाल काढला आणि ओरडली, "हारो! हारो! हारो! धाव रे माझ्या राजा, माझ्यावर अन्याय होतोय!"

सगळ्या बेटकऱ्यांनी टोप्या काढल्या. बँडवाल्यांचे हात थांबले. ती फ्रेंचमध्ये प्रार्थना म्हणू लागली. त्या बेटांवर ही हाक शेकडो वर्षांची आहे. तुमच्यावर अन्याय होत असेल तर जागेवर गुडघे टेकून राजाचा धावा करायचा. हारो ऐकला की काम तिथल्या तिथे थांबले पाहिजे. न्यायालय निकाल देईपर्यंत एक दगड हलता कामा नये. आणि बघा कसा योग, ती ज्या राजाला हाका मारत होती त्याचा माणूस चार हातांवर केकपाशी उभा होता.

"हा काय तमाशा?" गव्हर्नर पुटपुटले. "यंत्र चालू करा."

यंत्रावरचा माणूस बेटाचाच. त्याने यंत्र बंद केले आणि खाली उतरला. "माफ करा, एक्सलन्सी. हारो ऐकून मी हे चालवलं तर माझी आई मला घरात घ्यायची नाही."

रोझलिंडने नवऱ्याच्या बाहीला हात लावला. "क्रिस्पिन, थांब. टोपी काढ."

पण ज्याने जन्मभर हुकूम दिले त्याला एका कोळिणीच्या हाकेवर थांबणे कसे जमावे? "केकला कुणी हारो घातलेला नाही," तो म्हणाला आणि मला खाली आणले. हारोनंतरचा पहिला घाव माझा पडला. निळे लोणी माझ्या नांगराच्या कोरीव रेघांत भरले. ओडेट गुडघ्यांवर तशीच बसून माझ्याकडे बघत होती. त्या वेळी कुणी मला समुद्रात फेकले असते तर मी आभार मानले असते.

त्याने मला पुसले नाही. तशीच म्यानात.

न्यायालयात खटला उभा राहिला. तिथे गव्हर्नर आत आला की तलवार काढून टेबलावर ठेवतो, कारण त्या छपराखाली कायद्यापेक्षा मोठा कुणी नाही. म्यान दारात सोडायचे, पाते उघडे ठेवायचे. मी पुन्हा एकदा टेबलावर आडवी पडले. अंगावर वाळलेले निळे डाग. न्यायाधीश ओजिए नावाचे वयस्क गृहस्थ. त्यांनी त्या डागांकडे बघितले आणि चष्मा पुसला.

"एक्सलन्सी, हारो ऐकू आला होता?"

"आला होता. पण केक कापणं म्हणजे बांधकाम नव्हे."

मागून कुणीतरी म्हणाले, "खाणं तरी नक्कीच होतं!" हशा पिकला. न्यायाधीशांनी हात वर केला.

मग ओडेट उभी राहिली. "ह्यांनी माझ्या चुलीपाशी, ह्याच तलवारीच्या मुठीवर हात ठेवून शब्द दिला होता. माझं लोणी अजून ओठांना होतं ह्यांच्या."

"दुसरा साक्षीदार?"

ओडेटने मागच्या बाकाकडे बघितले. रोझलिंड तिथे बसली होती. ओडेट तिचे नाव घेणार, पण थांबली. कुणाच्या बायकोला नवऱ्याविरुद्ध उभे करायचे तिच्या जिवावर आले असावे. "नाही कुणी," ती म्हणाली आणि खाली बसली.

आता सगळे माझ्या धन्यावर होते. शब्द दिला होता असे त्याने म्हटले की उतार वाचणार होता. नाही म्हटले की यंत्र पुन्हा सुरू.

तो गोड आवाजात म्हणाला, "मादाम केरिपेल ह्यांचं वय झालं आहे. मी आभार मानले होते, एवढंच. त्यांच्या ऐकण्यात चूक झाली असावी."

तेच शब्द! तीच माया! मित्रांनो, माझ्या पोलादाला उलटी होत नाही, नाहीतर त्या टेबलावर मी जन्मभराचा केक ओकून टाकला असता.

मागे बाक करकरले. रोझलिंड उठून टेबलापाशी आली. तिने मला दोन्ही हातांनी उचलले, स्वतःच्या हातरुमालाने माझे पाते पुसले, निळे डाग नीट खरवडून काढले, आणि मला पुन्हा टेबलावर ठेवले. टोक त्याच्याकडे करून.

बेटकऱ्यांना काही कळले नाही. त्याला कळले. त्याचा चेहरा मेणासारखा झाला.

"रोझ, खाली बस."

"बसलेच होते की, क्रिस्पिन. इतकी वर्षं."

न्यायाधीश म्हणाले, "लेडी वेदरॉल, ह्याचा अर्थ काय?"

"आरमारात ह्याचा काय अर्थ होतो ते साहेबांना ठाऊक आहे. ही तलवार एकदा चुकीच्या बाजूनं फिरवली गेली होती. मी आज ती सरळ केली." मग ती ओडेटकडे वळली. "तो शब्द मी ऐकला. दारात उभी होते मी, हातात तुमचा गाश होता. खाल्ल्या घरचे वासे मोजायचं माझं वय आता राहिलं नाही."

उतार वाचला. यंत्र परत गेले, फ्रॅम्प्टनही गेला. गव्हर्नर मुदतीआधीच बेट सोडून निघाले, 'प्रकृतीच्या कारणाने'. निरोपाला केक होता म्हणे. तो कशाने कापला मला माहीत नाही, कारण त्या दिवशी न्यायालयातून जाताना त्याने मला उचललेच नाही. टोक त्याच्याकडे होते ना, मुठीपर्यंत हात पोचायला त्याला सबंध टेबलाला वळसा घालावा लागला असता. सगळ्यांच्या देखत.

रोझलिंड त्याच्याबरोबर गेली नाही. ती आधी कॉर्नवॉलला, ट्रेगिअरच्या घरी गेली. तिथे काय बोलणे झाले मला ठाऊक नाही. त्याची गेलेली वर्षे काही तिला परत देता आली नसतील. जाण्यापूर्वी तिने मला ओडेटच्या हवाली केले.

आता मी उताराच्या माथ्यावरच्या होड्यांच्या खोपटात असते. ओडेट आणि तिची मुले माझ्या पात्याने होड्यांच्या तळाचे शिंपले खरवडतात, गुंतलेले शेवाळ कापतात. माझी धार गेली, सिंहाचा एक कान तुटला. खाऱ्या वाऱ्याने मला गंज चढतो. पण दिवेलागणीच्या आधी ओडेट येते, मला फडक्याने पुसते आणि तेल नसले तर चुलीपाशी उरलेले लोणी चोळते. लोणी! मला अजूनही त्याचा वास सहन होत नाही. तरी मी गप्प राहते, कारण ज्या हातांनी मला वापरले त्याच हातांनी मला पुसले जाते आहे, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडते आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी तलवार नसेल. सुरी असेल, विळी असेल, कोयता असेल. दिलेला एखादा शब्द तर असेलच. माझी एवढीच विनंती आहे. कापून झाले की पुसा. आणि ज्याने कापले त्यानेच पुसा.